विहिणीच्या धुऱ्यावर दोन वाटे आभाळ

लोक प्रवासाला निघतात ते देव पाहायला, नाही तर समुद्र पाहायला. मी निघाले ते आभाळ पाहायला. आभाळ माझ्या अंगणावरही आहे, एवढं मला कळतं. पण ते फोटोत कसं बसवायचं, हे शिकायला मला किन्हीराजाहून आधी शेलूबाजारला आणि तिथून शिरपूरला जावं लागलं. तीन दिवस लागले. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं आहे, त्यामुळे जे समजलं तेवढंच लिहिते.

कारण असं घडलं. माझ्या जावयाचं शेलूबाजारला बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. दर वर्षी दिवाळीच्या आत जावई कॅलेंडर छापायला टाकतात आणि आजूबाजूच्या सगळ्या खेड्यांतल्या गिऱ्हाइकांना वाटतात. त्यावर दर वर्षी बर्फाचा डोंगर असतो. खाली हिरवं तळं, काठावर लाल छपराचं घर. मी एकदा विचारलं होतं, "जावईबापू, या डोंगरावर तूर होते काय?" ते हसले आणि पुढच्या वर्षी दुसरा बर्फाचा डोंगर आणला.

मागच्या वर्षी मात्र माझ्या नातीनं, तनूनं, बापाजवळ हट्ट धरला. ती अकोल्याला कॉलेजात शिकते आणि तिला फोटोचा नाद आहे. म्हणाली, यंदा आपल्याच रानाचा फोटो छापायचा, आणि तो दोन आज्यांपैकी एकीनं काढलेला पाहिजे. एक आजी मी. दुसरी जावयाची आई, माझी विहीण सुभद्राबाई, शिरपूरची. आमच्याकडे विहिणीला ईनबाई म्हणतात. फोन दोघींकडे होते. निवड तनू करणार होती.

मी त्याच दिवशी पिठाच्या गिरणीवर सांगून टाकलं, "औंदाच्या कॅलेंडरवर माहाच फोटो येते, पाह्यजा." गिरणीवर तीन बायका होत्या, म्हणजे गावाला सांगून झालं. आता फोटो शिरपूरचा आला असता तर मला दळण दुसऱ्या गावी न्यावं लागलं असतं.

म्हणून मी घाईनं चौदा फोटो काढले आणि तनूला पाठवले. संध्याकाळी तिचा फोन आला.

"आजी, आभाळ कुठं गेलं?"

"वरतं हाय."

"फोटोत कुठं हाय म्हणतो मी."

"फोटोत कायले पाहिजे? रिकामंच तर होतं. मी वावर घेतलं."

"अन् कांतामावशीच्या डोक्यातून खांब काहून निघाला?"

"तो तिच्या मांगं हाय, इजेचा."

"फोटोत डोक्यातून निघून राह्यला."

मी चष्मा लावून पाहिलं. खरंच, गिरणीवरच्या त्या तिघींतल्या कांतानं मोटारपंपाचं कनेक्शन डोक्यावर घेतल्यासारखं दिसत होतं. मी फोटो काढताना कांताकडे पाहिलं होतं, खांबाकडे पाहिलंच नव्हतं.

"तू इकडं ये," तनू म्हणाली. "मी शिकवतो. शिरपूरची आजी पण येऊन राह्यली."

विहीण येणार म्हटल्यावर मी दुसऱ्याच सकाळी जीपमध्ये बसले.

शेलूबाजार

जीपमध्ये माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती, बाकी सांगण्यासारखं काही नाही. उतरल्यावर चौकात गरम आलूबोंडा खाल्ला. मुलीच्या घरी पोचल्या पोचल्या खाणं मागितलं तर ईनबाईच्या देखत ते बरं दिसत नाही.

ईनबाई आधीच येऊन बसली होती. ती उंच आहे, वाळकी आहे आणि बांबू गिळल्यासारखी ताठ चालते. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"या ईनबाई. फोटो पाह्यले तुमचे. आभाळ महाग झालं काय किन्हीले?"

"तुमचे पाह्यले मी," मी म्हटलं. "सगळ्याइत एकच लिंबाचं झाड हाय. दुसरं झाड नाही काय शिरपूरले?"

एवढं झाल्यावर आम्ही चहा घेतला.

तनूनं आम्हाला दुकानाच्या गच्चीवर नेलं. दुपारचे बारा वाजले होते. तिनं पहिला फोटो काढायला लावला आणि दाखवला. आभाळ पांढरं फटक, वाळत घातलेल्या धोतरासारखं. ती म्हणाली, दुपारी आभाळाचा फोटो काढायचाच नाही. सकाळी, नाही तर उन्हं उतरल्यावर. आम्ही दोघी सगळं दुपारीच काढत होतो, कारण बाईला रानात फोन हातात घ्यायला सवड मिळते ती भाकर खाल्ल्यावरच.

मग तिनं फोनमध्ये काहीतरी दाबलं आणि पडद्यावर रेघा आल्या. दोन उभ्या, दोन आडव्या.

"फुटला," ईनबाई म्हणाली.

"फुटला नाही, आजी. हे तीन वाटे हायेत. आभाळ चांगलं असन तर दोन वाटे आभाळाले, एक जमिनीले. आभाळ रिकामं असन तर जमिनीले दोन. अर्धंअर्धं नाही द्यायचं."

हे मला एका दमात समजलं. माझ्या सासऱ्याच्या वावराचे तीन भावांत वाटे पडले तेव्हा मोजणीवाल्यांनी अशाच रेघा मारल्या होत्या. चुलतसासऱ्याकडे अर्धीअर्धी वाटणी झाली, ती दोन घरं आजही एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

ईनबाईला मात्र पटेना. तनू म्हणाली, झाड मधोमध नको, या उभ्या रेघेवर ठेव. ईनबाई म्हणाली, "फोटोत देव मधातच असते."

"हा देव नाही, आजी. लिंब हाय."

"मंग त्याले कोपऱ्यात कायले उभं करू? त्यानं काय केलं?"

तिसरी गोष्ट आभाळाची. पडद्यावर ढगावर बोट टेकवायचं आणि खाली ओढायचं. जमीन काळी पडते, पण ढगांत आतले डोंगर, दऱ्या, कडा सगळं उठून येतं. मला हे फार आवडलं. जन्मभर आभाळाकडे तोंड वर करून पाहिलं, त्याला बोटानं खाली ओढायला पहिल्यांदाच मिळालं. ईनबाईचं बोट मात्र फोनला कळेना. निंदण करकरून आमच्या बोटांची कातडी जोड्याच्या तळासारखी झालेली असते. मी जिभेवर बोट ओलं करून लावते, की फोन ऐकतो. हे मी तिला सांगितलं नाही.

"अन् नुसतं लांबचं घेऊ नका," तनू म्हणाली. "जवळ काहीतरी पाहिजे. दगड, गाडीचं चाक, फुलं. म्हणजे पाहणाऱ्याले पाय ठेवायले जागा होते."

फुलं म्हणताना तिनं ईनबाईकडे पाहिलं आणि ईनबाई गालात हसली. मी ते पाहिलं, पण अर्थ लागला नाही.

शेवटी तनू म्हणाली, "आता शिरपूरले जाऊन ढग आले म्हणजे झालं. निळं आभाळ काही कामाचं नाही."

"तोंड सांभाळ," आम्ही दोघी एकदम म्हणालो. सोयाबीन कापणीवर आलं होतं. पिवळ्या पडलेल्या सोयाबीनवर ढग मागणारी पोरगी बियाण्याच्या दुकानात जन्मली, यावर आम्हा विहिणींचं पहिल्यांदा एकमत झालं.

शिरपूर

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी शिरपूरला निघालो. वाटेत किन्हीराजा लागलं. स्वतःच्या गावात न उतरता त्याच्याकडे खिडकीतून पाहणं विचित्र वाटतं. गिरणीसमोर कांता उभी होती. मी डोकं आत घेतलं.

शिरपूरला जुनं जैन मंदिर आहे. लांबलांबून लोक येतात, आणि गावातल्या लोकांना त्यांचं काही वाटत नाही, जसं आम्हाला महामार्गावरच्या ट्रकांचं वाटत नाही. मंदिराच्या रस्त्यावर एका यात्रेकरू बाईनं माझ्या हातात फोन दिला. नवरा, सासू, दोन पोरं, सगळी ओळीनं उभी राहिली.

"माताजी, एक फोटो निकाल दो."

मी नव्यानंच शिकले होते. मी मागे गेले. आणखी मागे गेले. डोक्यातून खांब निघत नाही हे पाहिलं. दोन वाटे आभाळाला दिले, शिखर उजव्या रेघेवर घेतलं आणि सगळं कुटुंब डाव्या कोपऱ्यात खाली ठेवलं. फार चांगला फोटो झाला.

बाईनं तो पाहिला. मग दोन बोटांनी मोठा केला. मग नवऱ्याला दाखवला.

"माताजी, इसमें हम किधर हैं?"

"इधर," मी बोट ठेवून दाखवलं. "तुमको एक वाटा दिया है. आभाळ अच्छा था."

तिनं फोन ईनबाईला दिला. ईनबाईनं त्यांना मधोमध उभं केलं, आभाळ कापलं, काढला. ती बाई ईनबाईच्या पाया पडली. ईनबाई घरापर्यंत नेहमीपेक्षाही ताठ चालली, मी पाहत होते.

तिच्या घरी जेवण चांगलं होतं, हे कबूल करते. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा. फक्त वरणात गूळ घालते. आमच्या किन्हीला वरणात गूळ घालायची पद्धत नाही.

"गोड लागून राह्यलं वरण," मी म्हटलं.

"सवय नसन तुमाले," ती म्हणाली. "घ्या अजून." आणि दोन पळ्या वाढल्या.

संध्याकाळी तनूनं आम्हाला गावाबाहेर नेलं. एक माणूस सायकलवर कडब्याची पेंढी घेऊन चालला होता. मी त्याचा फोटो काढला तर तो फोटोच्या अगदी कडेला होता, अर्धं चाक बाहेर.

"चालणाऱ्याच्या पुढं जागा सोड, आजी," तनू म्हणाली. "नाही तर तो फोटोच्या भिंतीवर आपटते."

हेही मी लक्षात ठेवलं. पण त्या दिवशी आभाळात एक ढग नव्हता. जमिनीला दोन वाटे दिले आणि घरी आलो.

धुरा

धुरा म्हणजे वावराचा बांध. ईनबाईचं वावर गावापासून जवळ आहे, आणि त्याच्या मधल्या धुऱ्यावरून पश्चिमेचं सगळं आभाळ मोकळं दिसतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथेच शेवटचे फोटो काढायचे, असं ठरलं. तनूला दुसऱ्या दिवशी अकोल्याला परत जायचं होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच संध्याकाळी.

दुपारी ईनबाई पुरण शिजवत होती आणि तनू झोपली होती. मी विचार केला, आधी जाऊन जागा धरून ठेवावी. पायरीवर विळा होता, तो सवयीनं हातात आला. रानात विळ्याशिवाय जाणं मला जमत नाही.

धुऱ्यावर पोचले आणि पाहते तर काय, गुडघाभर कुर्डू. कुर्डू म्हणजे सोयाबीनमधलं तण, वर गुलाबी-पांढरी तुरेदार कणसं. पावसाळ्यात कोवळ्या पानांची भाजी होते. पण तुरा आल्यावर ते बी सांडतं आणि पुढच्या वर्षी वावरभर होतं. बाकी वावर पाहिलं तर एक काडी नाही, आणि धुऱ्यावर ओळीनं कुर्डू उभं. मला ईनबाईची कीव आली. म्हातारी झाली, म्हटलं, होत नसेल.

दुसरा विचार माझ्याबद्दलचा होता, तो लपवत नाही. कॅलेंडरवर माझं नाव आणि फोटोत तण, आणि ते खेडोखेडी भिंतीवर वर्षभर. प्रत्येक घरातली बाई म्हणणार, कोणाचं हे भिकार वावर. मी पदर खोचला. तासाभरात धुरा असा साफ केला की त्यावर जेवायला पान मांडावं. कुर्डूचा एका जागी ढीग केला आणि घाम पुसत बसले.

पाचच्या सुमारास त्या दोघी आल्या. पश्चिमेकडून ढगही आले होते, मोठे, खाली निळे-काळे आणि वरून पेटलेले. तनू ढगांकडे पाहत पळतच आली आणि धुऱ्यावर येऊन थांबली.

"फुलं कुठं गेली?"

"कायची फुलं?"

"आजी, कुर्डू. इथं होतं ना."

मी अभिमानानं ढिगाकडे हात केला.

ईनबाई मागून आली. तिनं धुरा पाहिला, ढीग पाहिला, माझ्या हातातला विळा पाहिला. मग जे सुरू झाली ते रानातल्या सगळ्या धुऱ्यांवर ऐकू गेलं असेल.

तेव्हा मला कळलं. तनूनंच महिन्याभरापूर्वी तिला सांगितलं होतं की धुऱ्यावरची फुलं राहू दे, फोटोत पुढे चांगली दिसतील. आणि या बाईनं, जिनं जन्मात धुऱ्यावर गवताची काडी ठेवली नाही, छातीवर दगड ठेवून ते कुर्डू वाढू दिलं होतं.

"मजूर बाया हासत होत्या मले," ती म्हणाली. "शेजारचा म्हणे, काकू, रोजानं बाई लावून देऊ काय. मी ऐकून घेतलं. कायच्यासाठी? अन् तुमी तासाभरात बोडखा केला धुरा."

"मले काय माईत? तण दिसलं, काढलं. उपकार केले म्हणलं."

"उपकार? जाणूनबुजून केलं तुमी."

"माह्या नातीची शप्पत, नाही."

"ते माही पण नात हाय. शप्पत दुसऱ्याची घ्या."

मी तुम्हाला खरं सांगते, मला माहीत नव्हतं. त्या दिवशी कोणी विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाहीत. जावईसुद्धा विषय निघाला की खाली पाहून हसतात.

"तुमच्या वावरात कोणी शिरून निंदण केलं असतं तर?" ईनबाई म्हणाली.

"मी त्याले च्या पाजला असता," मी म्हटलं.

त्यावर तिनं डोक्यावरचा पदर घट्ट केला, ढिगाजवळ गेली, कुर्डूचा भारा कवेत उचलला. "माह्या वावरातलं हाय, माह्या शेळ्या खातीन," म्हणाली आणि भारा डोक्यावर घेऊन निघाली.

ती धुऱ्यावरून चालत होती. साफ केलेला धुरा, सरळ, स्वच्छ. डोक्यावर कुर्डूचा भारा, त्यातून गुलाबी तुरे चारी बाजूंनी बाहेर आलेले. आणि तिच्यामागे ते आभाळ.

माझा फोन कमरेला होता. मी तो काढला. दोन वाटे आभाळाला, एक जमिनीला. धुरा आडव्या रेघेवर, वाकडा नाही. बोट जिभेवर ओलं केलं, ढगावर टेकवलं आणि आभाळ खाली ओढलं. ढग भरून आले. पण ईनबाई मधोमध होती. तिला आणखी चार-पाच पावलं पुढे जायला पाहिजे होती, उभ्या रेघेवर. आणि ती दमून मान खाली घालायला लागली होती. भारा ओला होता, जड होता.

मी मोठ्यानं म्हटलं, "ईनबाई, शेवटाले कुर्डूचे दोन बुडखे राह्यले वो. जमत नसन तर मी येतो."

ती वळली नाही. फक्त मान वर झाली, पाठ बांबूसारखी ताठ झाली आणि तिनं लांब पाऊल टाकलं. एक, दोन, तीन, चार. रेघेवर आली. पुढे तिला चालायला जागा होती, भिंतीवर आपटत नव्हती. मी दाबलं.

नंतर मी पुष्कळ फोटो काढले, पण ती तोवर धुऱ्यावरून उतरली होती आणि ढगही रिसोडच्या बाजूला सरकले. सोयाबीनवर थेंब पडला नाही, हे बरं झालं.

निकाल

घरी पुरणपोळी होती. ईनबाईनं मला वाढली, तूपही घातलं, पण ताट पाटासमोर असं ठेवलं की वाटीतली कढी हलली. तनूनं माझा फोन घेतला, तो फोटो पाहिला आणि जेवायची थांबली.

तिनं तो ईनबाईसमोर धरला. ईनबाईनं हात पुसले, चष्मा शोधला, फोन जवळ घेतला, लांब नेला.

"हे मी हाय?"

"तूच हायेस, आजी."

"पदराचा काठ दिसून नाही राह्यला."

"उजेड मागून हाय ना. म्हणून सगळं काळं आलं."

ईनबाई पुन्हा पाहू लागली. "धुरा चांगला दिसून राह्यला," ती म्हणाली.

मी पोळी खात होते. मी वर पाहिलं नाही.

तनू म्हणाली, "शिरपूरच्या आजीनं आज फोटोच काढला नाही. कालचा हाय तिचा, निळ्या आभाळाचा. पण मी तिले विचारल्याशिवाय हा छापू देणार नाही. ती हाय फोटोत."

म्हणजे माझा गिरणीवरचा शब्द ईनबाईच्या तोंडात होता. पुरणातला गूळही मला गोड लागेना. ती नाही म्हणाली असती तर मी काही बोलू शकले नसते. धुरा तिचा, कुर्डू तिचं, पाठ तिची.

ईनबाईनं मला आणखी एक पोळी वाढली.

"छापा," ती म्हणाली. "पण काढणारीचं नाव बारीक लिवा."

कॅलेंडर छापलं. बर्फाचा डोंगर गेला. त्या जागी ईनबाई भारा घेऊन चालली आहे आणि वर दोन वाटे आभाळ आहे. नाव इतकं बारीक आहे की जावयाच्या दुकानातल्या माणसालाही ते चष्म्याशिवाय वाचता येत नाही. ईनबाईनं वीस प्रती शिरपूरला नेल्या आणि घरोघर स्वतः टांगून आली, हे माझी मुलगी सांगते.

मी एक गिरणीवर नेली. कांतानं पाहिली.

"फोटो तुहा म्हणत होतीस. ही बाई कोण व्हय?"

"माही ईन."

"मंग फोटो तिचा झाला," कांता म्हणाली आणि दळण टाकलं.

आता ते कॅलेंडर माझ्या चुलीसमोरच्या भिंतीवर आहे. जानेवारीपासून मी रोज सकाळी ईनबाईची पाठ पाहते. तारीख पाहायची म्हटली तरी आधी तीच दिसते. सोयाबीन पुन्हा कापणीवर आलं आहे. परवा शिरपूरहून फोन आला.

"ईनबाई," ती म्हणाली, "धुऱ्यावर कुर्डू चांगलं गुडघ्याएवढं झालं. निंदायले कधी येता?"

मी म्हटलं, "ढग आले की सांगा."

विळ्याला धार लावून ठेवली आहे.